वर्ध्याचे बजाज

हे वर्ध्यातलं लक्ष्मीनारायण मंदिर. सेठ बच्छराज बजाजांचं, घरचंच देऊळ. १९२८ साली याच दारातून दलित भाविक पहिल्यांदा आत गेले. सनातनी मंडळी खवळली होती. पण दार उघडायचं ठरवलं होतं बच्छराजांच्या दत्तक नातवाने, जमनालाल बजाजांनी. आणि ते मागे हटले नाहीत.

जमनालाल मूळचे राजस्थानातल्या सीकरजवळचे. जन्म १८८९ चा. दत्तक येऊन वर्ध्याच्या पेढीवर बसले. सतरा वर्षांचे असताना दागिने घालण्यावरून आजोबा नको ते बोलले. पोराने चिठ्ठी लिहिली, तुमच्या इस्टेटीतला छदामही मला नको, आणि घर सोडलं. शोधून, समजूत काढून त्यांना परत आणावं लागलं. पुढे त्यांनी धंदा खूप वाढवला, पण त्या पैशाचे आपण विश्वस्त आहोत, मालक नाही, असंच ते वागले.

सरकारने दिलेली रायबहादुरी त्यांनी परत केली. १९२१ मध्ये विनोबा वर्ध्यात आले ते त्यांच्याच आग्रहाने. गांधीजी शेगावात राहायला गेले, त्या गावाचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, जमनालालच. तेच आजचं सेवाग्राम. एका व्यापाऱ्याच्या शब्दाखातर देशाचं राजकारण विदर्भातल्या या लहानशा शहरात येऊन थांबलं.

काँग्रेसचे खजिनदार म्हणून ते वर्षानुवर्षं काम करत होते. पैसेवाल्याने पक्षाच्या इतकं जवळ असावं का? हा प्रश्न विचारायलाच हवा. पण हे खजिनदार १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात स्वतः तुरुंगात गेले. पत्नी जानकीदेवींनी अंगावरचं सोनं उतरवलं, पडदा सोडला. म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होतं.

अखेरच्या दिवसांत जमनालाल गोपुरीतल्या झोपडीत राहून गोसेवा करत होते. ११ फेब्रुवारी १९४२ ला ते गेले. पाचच महिन्यांनी काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिशांनी भारत सोडावा असा ठराव केला, तोही वर्ध्यातच.

मुलगा कमलनयन वर्ध्याचे खासदार झाले. नातू राहुल यांनी आकुर्डीचा बजाज ऑटोचा कारखाना नावारूपाला आणला. परवान्यांच्या त्या काळात चेतक स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत.

२०१९ साली, मुंबईतल्या एका समारंभात, ऐंशी ओलांडलेले राहुल बजाज उभे राहिले. व्यासपीठावर गृहमंत्री अमित शहा होते. सरकारवर टीका करायला लोक घाबरतात, हे राहुल बजाजांनी त्यांना तोंडावर सांगितलं. आमचे उद्योगपती मित्र हे बोलणार नाहीत, असंही म्हणाले. ते मित्र समोरच बसले होते.