करारातलं ‘इम्पॉसिबल’

मंडळी, भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या ३६ व्या कलमाखाली एक दाखला दिलाय: दोन सरळ रेषांनी जागा बंदिस्त केली, तर अ ब-ला हजार रुपये देणार. हा करार शून्यवत, म्हणजे कायद्याच्या लेखी नसल्यासारखाच. त्याच्याच शेजारचा दाखला आणखी विचित्र आहे. ब-ने अ-च्या मुलीशी लग्न केलं तर हजार रुपये. आणि करार झाला तेव्हा मुलगी हयातच नव्हती! पुढे अशक्य कामाच्या करारांबद्दलच्या ५६ व्या कलमात जादूने गुप्तधन शोधून देण्याचा करार येतो. तोही शून्यवत. गुप्तधनाच्या नावाने पैसे उकळणारे आपल्याकडे आजही भेटतात, तेव्हा मसुदा करणाऱ्यांना माणसं बरी कळली होती म्हणायची.

इथवर ‘इम्पॉसिबल’ सोपं आहे. भांडणं होतात ती दुसऱ्या प्रकारावरून: करार करताना काम होण्यासारखं होतं, नंतर ते होईना.

१८६३ सालचा इंग्लंडमधला टेलर विरुद्ध काल्डवेल हा खटला घ्या. कार्यक्रमांसाठी संगीतगृह ठरवलं आणि पहिल्या कार्यक्रमाआधीच ते जळालं. दोन्ही पक्ष मोकळे. यात वाद घालण्यासारखं फारसं नाही. पण जून १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाची मिरवणूक निघायची होती. ती बघायला हेन्री नावाच्या गृहस्थाने लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावरच्या खोल्या दोन दिवसांसाठी ७५ पौंडांना घेतल्या. २५ आगाऊ दिले. राजा आजारी पडला, मिरवणूक लांबली. आता खोल्या शाबूत होत्या, खिडक्या शाबूत होत्या, हेन्रीला तिथे जाऊन बसायला कुणाची आडकाठी नव्हती. करारपत्रात मिरवणुकीचा शब्दही नव्हता. तरी कोर्टाने उरलेले ५० पौंड माफ केले. सौदा ज्या पायावर उभा होता तो पायाच गेला, असं कोर्टाचं म्हणणं.

आपल्या सुप्रीम कोर्टाने सत्यव्रत घोष खटल्यात हेच आपल्या कलमाच्या भाषेत सांगितलं. न्यायमूर्ती मुखर्जींनी लिहिलं की, ५६ व्या कलमातला ‘इम्पॉसिबल’ शब्दशः घ्यायचा नाही. पक्षांच्या मूळ हेतूच्या दृष्टीने काम अव्यवहार्य आणि निरुपयोगी झालं असेल, तरी पुरे. आता गंमत बघा. अर्थ एवढा सैल केला, आणि तो अर्थ ज्यांना हवा होता ती कंपनी मात्र हरली! कलकत्त्याजवळचे प्लॉट तिने १९४० मध्ये इसार घेऊन विकायला काढले होते. रस्ते, गटारं तीच बांधून देणार होती. युद्धकाळात सरकारने जमीन तात्पुरती ताब्यात घेतली, तशी कंपनी म्हणाली, आता अशक्य, इसार परत न्या. कोर्ट म्हणालं, करार केलात तेव्हा युद्ध चालूच होतं, कामाला मुदतही घातलेली नव्हती. उशीर होईल, एवढंच.

व्यापाऱ्यांना खरा धडा पुढच्या निकालांत आहे. अलोपी प्रसाद खटला सैन्याला तूप पुरवण्याबाबतचा. खर्च अतोनात वाढला. कोर्ट बधलं नाही. २०१७ मध्ये इंडोनेशियाचा कोळसा महागला म्हणून वीजकंपन्यांनी तीच सबब सांगितली. तेच उत्तर. एप्रिल २०२० मध्ये, ऐन लॉकडाउनमध्ये, दक्षिण कोरियातून पोलाद मागवणारे आयातदार, आता करार पाळणं अशक्य म्हणत, मुंबई हायकोर्टात गेले. विक्रेत्याने आपलं काम केलंय, पोलादाची वाहतूक बंद नाही, लॉकडाउन काही कायमचा नाही, असं म्हणून कोर्टाने दिलासा नाकारला. तोटा कितीही मोठा असला तरी तो ‘इम्पॉसिबल’मध्ये मोजत नाहीत. मला स्वतःला हे कठोर वाटतं, पण उलटं केलं तर भाव चढला की प्रत्येक करार मोडेल.

दुकानाच्या भाड्याचं विचाराल, तर तिथे ५६ वं कलम चालतच नाही, कारण भाडेपट्टा झाला की मालमत्तेतला हक्क तुमच्याकडे आलेला असतो. फाळणीत पश्चिम पंजाबातली शेतजमीन सोडून आलेल्या पट्टेदाराला भरलेला खंड परत मिळाला नाही, तो याच कारणाने.

म्हणून करारातच लिहा. पूर, साथ, बंदी, भावाची मर्यादा, आणि तसं झालं तर कुणी काय करायचं. असं कलम घातलेलं असेल तर कोर्ट आधी ते वाचतं. ५६ कडे नंतर वळतं.