मुद्दाम पाडलेली कणसं

बेथलेहेम हे नाव आपल्याला ख्रिसमसमुळे माहीत, पण बायबलातल्या रूथच्या पुस्तकातली ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची, इस्राएलात अजून राजाच नव्हता तेव्हाची. बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर, आणि नेमका तिथेच दुष्काळ पडला. अलीमलेख नावाचा माणूस बायको नामी आणि दोन पोरं घेऊन मवाबात गेला, म्हणजे मृत समुद्राच्या पलीकडे, आजच्या जॉर्डनमध्ये. तिकडे तो वारला, मुलांनी तिथल्याच मुलींशी लग्नं केली, आणि दहाएक वर्षांत दोन्ही मुलंही गेली. उरल्या तीन विधवा, एक सासू आणि दोन सुना, अर्पा आणि रूथ.

नामी परत निघाली. सुनांना म्हणाली, पोरींनो माहेरी जा, तुम्ही माझ्याशी जशा वागलात तसाच देव तुमच्याशी वागो. इथे मूळ हिब्रूत शब्द आहे हेसेद. दया म्हटलं तर वरून खाली दिल्यासारखं वाटतं, हेसेद तसं नाही, ते नात्यातलं, आणि बंधन असतं त्याच्याहून जास्तच केलेलं.

अर्पा रडली आणि गेली. तिला लोक उगाच नावं ठेवतात, सासूच परत परत जा म्हणत होती ना. रूथ मात्र हलेना, तुम्ही जाल तिथे मी येणार, तुमचे लोक ते माझे लोक, तुम्ही मराल तिथेच मी मरणार.

दोघी बेथलेहेमला पोचल्या, गावात बायका जमल्या, अगं ही नामीच ना? तर ही म्हणते, मला मारा म्हणा, मारा म्हणजे कडू, भरलेली गेले आणि रिकामी आले. आणि रूथ तिथेच बाजूला उभी आहे हां.

सातूची कापणी चालू होती. तोराचा, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचा, नियम असा की शेताचा कोपरा कापायचा नाही, खाली पडलेलं उचलायचं नाही, तो गरिबांचा, परक्यांचा, विधवांचा. आपल्याकडे याला सरवा म्हणतात. रूथ सरवा वेचायला गेली ती बवाजच्या शेतात, तो अलीमलेखच्याच भाऊबंदांपैकी. त्याने तिला जेवायला बसवलं, भाजलेले दाणे दिले, आणि नंतर गड्यांना हळूच सांगितलं की पेंढ्यांमधून थोडी कणसं मुद्दाम पाडा, तिला बोलू नका. म्हणजे घेणारीला वाटावं आपण कष्टाने वेचलंय, आणि वेचलं तर तिनेच होतं.

संध्याकाळी झोडून एक एफा निघालं, एफा हे धान्याचं माप, साधारण २० लिटर तरी. त्याच्यासोबत रूथने अजून एक गोष्ट काढून दिली, दुपारच्या जेवणातले उरलेले दाणे, सासूसाठी राखून ठेवलेले.

पुढे खळ्यावरची रात्र, तिथे रूथने बवाजला लग्नाचं विचारलं, मग वेशीत पंचांसमोर फैसला. बवाजपेक्षा जवळचा एक नातेवाईक होता, पहिला हक्क त्याचा, तो आधी अलीमलेखची जमीन घेतो म्हणाला आणि रूथशी लग्नही करावं लागेल कळल्यावर मागे फिरला, चप्पल काढून हक्क सोडला. ग्रंथात त्याचं नावही नाही, प्लोनी अल्मोनी म्हणजे सरळ अमुकतमुक!

रूथ आणि बवाजचं लग्न झालं, मुलगा झाला, ओबेद. त्याचा नातू दावीद राजा. मवाबी माणसाला देवाच्या मंडळीत घेऊ नका असं तोरातच लिहिलंय, आणि राजाची पणजी मवाबी.

बाळ नामीच्या मांडीवर होतं तेव्हा गावातल्या बायका पुन्हा जमल्या, आणि रिकामी आले म्हणणाऱ्या नामीला म्हणाल्या, ही सून तुला सात मुलांपेक्षा बरी.