पेडल काय सांगते? हौशी शर्यतीच्या गाडीतील ब्रेकदोषांचे निदान

मित्रहो,

शर्यतीच्या मैदानावरून परत आलेला हौशी चालक ब्रेकविषयी बहुधा एवढेच सांगतो, की ‘ब्रेक लागत नाहीत.’ मग गॅरेजमध्ये आधी पॅड बदलले जातात, त्याने भागले नाही तर डिस्क, त्यानंतर ब्रेक ऑइल आणि शेवटी मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणारा भाग. एवढा खर्च होऊनही पुढच्या खेपेला तक्रार जशीच्या तशी असते. आज मला एवढेच ठासून सांगायचे आहे, की ब्रेकचे निदान चालकाच्या जबानीपासून सुरू करा, पाना नंतर हातात घ्या. पेडल खाली गेले की कडक राहिले, कोणत्या वळणावर, कितव्या फेरीनंतर, आणि लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर काय झाले, या प्रश्नांची नेमकी उत्तरे मिळाली तर चाक खोलण्याआधीच बऱ्याचशा शक्यता बाद होतात.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक गाडी आणि एक ट्रॅक समोर ठेवू. गाडी माझदा एमएक्स-५, म्हणजे अमेरिकेतली मियाटा. १९८९ साली आलेल्या या छोट्या दोन आसनी स्पोर्ट्स कारवर तिथे ‘स्पेक मियाटा’ नावाचा हौशी शर्यतीचा स्वतंत्र वर्गच उभा राहिला. ट्रॅक विस्कॉन्सिनमधल्या एल्कहार्ट लेक गावाजवळचा रोड अमेरिका. १९५५ पासून चालू असलेला हा ट्रॅक सुमारे साडेसहा किलोमीटर लांब असून त्याला १४ वळणे आहेत. लांब सरळ पट्ट्यांच्या शेवटी एकदम वेग तोडावा लागत असल्यामुळे तो ब्रेकची कसून परीक्षा पाहतो.

या परीक्षेचे गणित एकदा मांडून पाहू. चालकासह १,०५० किलोची गाडी पाचव्या वळणाआधी ताशी १८० किलोमीटरवरून ८० वर आणायची आहे. हवेचा अडथळा आणि इंजिनाचे ब्रेकिंग बाजूला ठेवले तर या एका दाबात साधारण साडेदहा लाख जूल ऊर्जेची उष्णता होते, आणि हे सगळे जेमतेम तीन सेकंदांत घडते. म्हणजे ब्रेक सरासरी ३५० किलोवॅटच्या दराने काम करतात, तर या गाडीच्या मूळ १.६ लिटर इंजिनाची शक्ती ८५ किलोवॅटच्या आसपास आहे. वजन पुढे झुकत असल्याने सुमारे ७० टक्के भार पुढच्या चाकांवर येतो. पुढची एक डिस्क पाच किलोची धरली तरी तिचे तापमान एका दाबात दीडशे अंशांच्या घरात चढते. पुढच्या वळणापर्यंत ती पुरती निवत नाही आणि पुन्हा तेवढीच भर पडते. माझदाने १९९४ पासूनच्या १.८ लिटर गाडीला पुढच्या बाजूस २३५ ऐवजी २५५ मिलिमीटर व्यासाची डिस्क दिली, तिचे महत्त्व या हिशेबावरून लक्षात यावे.

आता जबानीकडे वळू. चालक म्हणतो, ‘पहिल्या दोन-तीन फेऱ्या ठीक गेल्या, मग पेडल लांब होत गेले, आणि शेवटी तर जमिनीला टेकले.’ ही उकळलेल्या ऑइलची खूण आहे. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते आणि पाणी मिसळले की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत २३० अंश सेल्सिअस आणि ओल्या अवस्थेत १५५ अंश असावा लागतो, डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत, तर शर्यतीसाठी बनवलेली ऑइले कोरडी असताना ३०० च्या पुढे जातात. कॅलिपरमध्ये, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात, वाफेचा बुडबुडा झाला की पायाचा जोर तो बुडबुडा दाबण्यातच संपतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळी हवेत अर्धा वापरून ठेवलेला ऑइलचा डबा पुढच्या ट्रॅक डेला तसाच वापरू नये, हे मी आवर्जून सांगतो. डब्यावरचा भारी आकडा त्या ऑइलाला तेव्हा लागू राहिलेला नसतो.

याच संदर्भात पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवण्याच्या जागेत, परतल्यावरचा धोका अनेकांच्या लक्षात येत नाही. गाडी धावत असताना डिस्कवर वारा लागत असतो. ती थांबली की वारा थांबतो, पण गॅस बंद केल्यावर तवा जसा तापलेलाच राहतो तशी डिस्क राहते आणि तिची उष्णता पॅडमधून कॅलिपरच्या पिस्टनकडे झिरपते. ट्रॅकवर न उकळलेले ऑइल त्यामुळे पिटमध्ये उकळू शकते. म्हणून शेवटची फेरी ब्रेक न वापरता, संथपणे पूर्ण करावी, थांबल्यावर पेडलवर पाय ठेवून बसू नये, हँडब्रेक ओढू नये, आणि गाडी उभी राहण्यासाठी चाकाला ठोकळा लावावा.

दुसरी जबानी याच्या उलट असते: ‘पेडल वर आणि कडक होते, मी जीव खाऊन दाबत होतो, पण गाडी थांबेना.’ इथे ऑइलचा दोष नाही, कारण दाब पोहोचतो आहे. पॅडचे घर्षणच कमी झाले आहे. साधे रस्त्यावरचे पॅड एका मर्यादेपलीकडे तापले की त्यांची पकड ढासळते, आणि अगदी नवे पॅड आधी हळूहळू तापवून डिस्कशी न रुळवता ट्रॅकवर नेले तर त्यांच्यातले राळेसारखे पदार्थ पहिल्या तापात वायुरूपाने बाहेर पडून पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये थर धरतात. कडक पेडलाचे आणखी एक कारण म्हणजे व्हॅक्यूम बूस्टर, म्हणजे पायाच्या जोराला इंजिनाची मदत देणारा भाग, निकामी होणे. दोन्हींत फरक करणे सोपे आहे: बूस्टरचा दोष गाडी थंड असतानाही जाणवतो. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग ते दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली आले तर बूस्टर काम करतो आहे. किती तापले हे अंदाजाने ठरवू नये. डिस्कच्या कडेला लावायचे तापमानदर्शक रंग मिळतात. त्यांतला हिरवा सुमारे ४३० अंशांना, नारिंगी ५६० ला आणि लाल ६१० ला रंग बदलतो. पिटमध्ये इन्फ्रारेड गन रोखून मिळणारा आकडा ट्रॅकवरच्या कमाल तापमानापेक्षा बराच कमी असतो, त्यावर पॅडची निवड करू नये.

तिसरी जबानी मला सर्वांत बोलकी वाटते, कारण तिच्यावरून चुकीचे निदान सर्वाधिक होते. चालक म्हणतो, ‘पाचव्या वळणावर पेडल उत्तम असते, पण पुढच्या कॅनडा कॉर्नर या वळणाला पहिल्या दाबात निम्मे खाली जाते, दुसऱ्यांदा दाबले की जागेवर येते.’ ऐकणारा ताबडतोब म्हणतो, ऑइलमध्ये हवा राहिली आहे, पुन्हा ब्लीडिंग करा, म्हणजे निपल उघडून ती हवा बाहेर काढा. पण हवा असती तर ती पाचव्या वळणावरही असती. मग या दोन जागांमध्ये ट्रॅकवर काय आहे ते पाहावे. कॅनडा कॉर्नरच्या आधी ‘कॅरुसेल’ हे लांबलचक उजवे वळण येते आणि त्यानंतर पूर्ण वेगातला ‘किंक’, तोही उजवीकडेच. या सबंध टप्प्यात डाव्या चाकांवर जबरदस्त बाजूचा भार असतो. हबच्या, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या भागाच्या, बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) असेल तर डिस्क तिरकी होऊन पॅडना आणि त्यांच्यामागच्या पिस्टनला आत ढकलते. सरळ पट्ट्यावर ती पुन्हा सरळ होते, पण पिस्टन मागेच राहतात. पुढच्या दाबाचे पहिले ऑइल ही फट भरण्यातच खर्ची पडते. एमएक्स-५ च्या पुढच्या हबमधले बेअरिंग शर्यतीत झिजते, हे ही गाडी पळवणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. गाडी जॅकवर घेऊन चाक वरून आणि खालून धरून हलवावे, मग डिस्कला डायल गेज लावून ती किती डोलते ते मोजावे. बेअरिंग बदलेपर्यंत चालकाने सरळ पट्ट्यावर डाव्या पायाने पेडलला हलका स्पर्श करून पॅड जवळ आणण्याची सवय ठेवावी. तो तात्पुरता आधार आहे, दुरुस्ती नव्हे.

याच गाडीचा आणखी एक खास दोष आहे आणि त्यापायी निष्पाप मास्टर सिलेंडर बदलले जातात. मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेकची यंत्रणा आहे. मागचे पॅड आणि डिस्क यांच्यामधली फट वाढली की पेडल थंड असतानाच, पहिल्या फेरीपासून लांब लागते, ऑइल कितीही ताजे असो. कॅलिपरच्या मागे एक बोल्ट असतो. तो काढला की आत चार मिलिमीटरच्या अॅलन कीने फिरणारा स्क्रू दिसतो. चाक अडेपर्यंत तो आवळायचा, मग साधारण एक तृतीयांश फेरा सैल करायचा आणि चाक मोकळे फिरते याची खात्री करून बोल्ट परत बसवायचा. काम पाच-दहा मिनिटांचे आहे, पण ब्लीडिंगच्याही आधी ते करायला हवे.

खरोखर मास्टर सिलेंडरच गेला असेल तर तो उभ्या गाडीत सापडतो. पेडल जोराने न दाबता हलक्या, स्थिर दाबाने धरून ठेवावे. ते हळूहळू खाली सरकत गेले आणि बाहेर कुठेही गळती नसली, तर आतल्या रबरी सीलवरून ऑइल मागे निसटते आहे. जोरात दाबल्यावर हेच सील कधीकधी घट्ट बसते आणि दोष लपतो, म्हणून पाय हलकाच ठेवायचा.

पेडल थरथरते, स्टीअरिंग हादरते, ही तक्रार आली की ‘डिस्क वाकली’ असा निकाल दिला जातो. पुष्कळदा डिस्क वाकलेली नसते. तापलेले पॅड एका जागी दाबून धरल्यामुळे त्यांचा थर तिथे असमान चिकटलेला असतो, किंवा डिस्कची जाडी जागोजागी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या मापाने कमी-जास्त झालेली असते. मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजल्याशिवाय डिस्क फेकू नये. हबच्या तोंडावर गंजाचा बारीकसा कण राहिला तरी नवी डिस्क डोलते, हेही तपासावे. पृष्ठभागावरच्या केसासारख्या बारीक रेघा चालतात. मात्र जी चीर डिस्कच्या कडेपर्यंत पोहोचली, ती डिस्क त्याच क्षणी बाद करावी. इथे काटकसरीला जागा नाही.

गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा एखादे चाक जाम राहत असेल, तर काढलेले पॅड शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. पिस्टनकडचा पॅड बराच झिजला आणि बाहेरचा जाड राहिला, तर कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकल्या आहेत. चाक जाम असताना ब्लीडिंगचा निपल उघडावा: चाक मोकळे झाले तर दाब मागे अडकला होता, म्हणजे होज पाइप आतून फुगला आहे किंवा मास्टर सिलेंडर ऑइल परत घेत नाही, निपल उघडूनही चाक जामच राहिले तर दोष कॅलिपरमध्येच शोधावा.

एबीएस (ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या नव्या गाड्या घेऊन ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट किंवा कोइंबतूरच्या करी स्पीडवेवर उतरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चिकट टायर लावून खडबडीत जागेवर अचानक ब्रेक मारला, की काही गाड्यांचे एबीएस रस्ता निसरडा असल्याचे समजून दाब कापते. पेडल दगडासारखे कडक होते आणि गाडी वाहत जाते. ही पॅडची चूक नाही, पॅड बदलून ती जाणार नाही. क्षणभर पाय उचलून पुन्हा चढत्या दाबाने ब्रेक लावणे हाच त्या घटकेचा उपाय आहे.

कोणतेही काम झाल्यावर गाडी जॅकवरून उतरवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत दाबावे, कारण पॅड बदलताना मागे ढकललेले पिस्टन पहिल्या दाबाला जागेवर येत नाहीत. मग एका माणसाने पेडल पूर्ण जोराने धरावे आणि दुसऱ्याने चारही निपल, होजचे जोड आणि मास्टर सिलेंडर कोरड्या कपड्याने पुसून गळती पाहावी. पिटच्या गल्लीत चालण्याच्या वेगाने दोनदा गाडी थांबवून बघावी, आणि पहिल्या फेरीत प्रत्येक सरळ पट्ट्यावर, वळणाच्या बऱ्याच आधी, पेडल किती खाली जाते ते चालकाने लक्षपूर्वक जोखावे.