१४.४ की १३.५? : सोलर चार्ज कंट्रोलर बसवताना

(दृश्य : स्वच्छ ऊन, छपरावरचं पॅनल. मग भिंतीवरचा कंट्रोलर. पडद्यावर आकडा : १४.४)

दुपारचे बारा वाजलेत. पॅनलवर कुठेही सावली नाही. पॅनल आणि बॅटरी यांच्या मधे बसून चार्जिंग सांभाळणाऱ्या कंट्रोलरचा पडदा सांगतोय की बॅटरी १४.४ व्होल्टवर आहे. आता मल्टिमीटर घेऊन बॅटरीपाशी जाऊ आणि त्याची टोकं थेट बॅटरीच्या टर्मिनलांवर टेकवू.

(दृश्य : मीटरवर १३.५)

१३.५.

एकाच क्षणी, एकाच बॅटरीचे हे दोन आकडे. दोन्ही उपकरणं ठीक आहेत, कुणीही चुकीचं मोजत नाही. मधे आहे ती फक्त पाच मीटर वायर.

माझ्या पहिल्या जोडणीत हा फरक मला दीड वर्ष कळला नाही. मी रोज पडदा बघायचो आणि समाधानानं वळायचो. बॅटरीवर मीटर लावला तो ती निकामी झाल्यानंतर. म्हणून आज खोकं उघडण्याआधी मला हे दोन आकडे दाखवायचे होते. कंट्रोलरला बॅटरी दिसत नाही. त्याला दिसतं ते त्याच्या स्वतःच्या टर्मिनलांवर जे पोचलंय तेवढंच. तो बसवायचा म्हणजे बॅटरीची खरी हालत त्याच्यापर्यंत नीट पोचवायची.

(दृश्य : पॅनलच्या मागचं लेबल)

आधी हे बघू की कंट्रोलरची गरजच काय. ज्याला आपण १२ व्होल्टचं पॅनल म्हणतो, त्यात बहुधा ३६ सेल असतात आणि काहीही न जोडता उन्हात ठेवलं तर ते २१-२२ व्होल्ट दाखवतं. लेड-ॲसिड बॅटरी भरत आली की साधारण १४.४ व्होल्टच्या आसपास तिच्यातल्या पाण्याचं विघटन जोरात सुरू होतं. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे निघतात, पाणी उतरतं, प्लेटा उघड्या पडतात. पॅनलला याची काहीच कल्पना नसते. ऊन आहे तोवर ते ढकलत राहतं. आणि रात्री उलट होतं : बॅटरीतून पॅनलकडे थोडा थोडा करंट परत वाहू शकतो.

लेड-ॲसिड बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ मध्ये बनवली. कामाला येईल असा सिलिकॉनचा सौर सेल बेल लॅबोरेटरीजनं जगापुढे आणला १९५४ मध्ये. जवळजवळ शंभर वर्षांच्या अंतरानं जन्मलेल्या दोन वस्तू आपण एकमेकींना जोडतो, आणि त्यांचं जुळवून घेण्याचं काम या छोट्या डबीवर सोपवतो.

(दृश्य : पडद्यावर चार्जिंगचा आलेख)

ती हे काम टप्प्याटप्प्यानं करते. पहिल्या टप्प्यात, म्हणजे बल्कमध्ये, पॅनल देईल तेवढा सगळा करंट बॅटरीला. व्होल्टेज १४.४ च्या आसपास पोचलं की दुसरा टप्पा, ॲब्सॉर्प्शन : व्होल्टेज तिथंच धरून ठेवायचं आणि करंट हळूहळू उतरू द्यायचा. याला एक-दोन तास किंवा जास्तही लागतात. शेवटी फ्लोट, १३.५ ते १३.८ व्होल्ट, भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्यापुरतं.

मधला टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बॅटरी मरते ती बहुतेक वेळा इथंच. शेवटचे पंधरा-वीस टक्के भरायला वेळ लागतो. रोज ते अर्धवट राहिले तर प्लेटांवरचं लेड सल्फेट पुन्हा विरघळत नाही, त्याचे टणक खडे होत जातात. त्यालाच सल्फेशन म्हणतात. बॅटरी दिसायला तीच, वजनाला तीच, फक्त तिच्यात मावेनासं होतं.

आता त्या वायरीकडे या.

(दृश्य : वायरचा छेद, ४ आणि १६ चौरस मिलिमीटर शेजारी शेजारी)

कंट्रोलर ते बॅटरी अंतर पाच मीटर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर. वायर तांब्याची, ४ चौरस मिलिमीटरची. तिचा रोध सुमारे ०.०४४ ओहम. तिच्यातून २० अँपिअर वाहिले की ०.८८ व्होल्ट वायरीतच राहतात. कंट्रोलरच्या टोकाला १४.४, बॅटरीच्या टोकाला १३.५. वायर हाताला जेमतेम कोमट लागते, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. कंट्रोलरला वाटतं की बॅटरी भरत आली, आणि तो वेळेआधीच करंट आवरता घेतो. करंट कमी झाला की वायरीतली घटही कमी होते, बॅटरीचं व्होल्टेज सावकाश वर सरकतं. पण तोवर ऊन कलतं.

इलाज साधा आहे. कंट्रोलर पॅनलजवळ लावू नका, बॅटरीजवळ लावा. लांब वायर ओढायचीच असेल तर ती पॅनलच्या बाजूला असू दे. तिथं घट झाली तर थोडी वीज वाया जाते, पण बॅटरीबद्दल गैरसमज होत नाही. कंट्रोलर बॅटरीपासून एका मीटरवर आणि वायर १६ चौरस मिलिमीटरची घेतली, तर तेच २० अँपिअर वाहताना घट ०.०५ व्होल्टसुद्धा होत नाही.

जवळ म्हणजे बॅटरीच्या डोक्यावर मात्र नाही. पाणी भरायच्या बॅटरीतून निघणारा हायड्रोजन हवेत चार टक्के झाला तरी ठिणगीनं पेटू शकतो, आणि ॲसिडच्या वाफेनं कंट्रोलरचं सर्किट खराब होतं. बाजूच्या भिंतीवर, उभा, वर-खाली वीतभर मोकळी जागा सोडून लावा. मागचे धातूचे पंख हवेनं थंड होतात. बंद कपाटात ते तापतात आणि कंट्रोलर स्वतःला वाचवायला करंट कमी करतो.

(दृश्य : दोन कंट्रोलर शेजारी शेजारी)

कंट्रोलर दोन जातीचे. पीडब्ल्यूएम (पल्स विड्थ मॉड्युलेशन) म्हणजे एक झपाट्यानं उघडझाप करणारा स्विच. तो चालू असताना पॅनल थेट बॅटरीला जोडलं जातं आणि बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढलं जातं. १०० वॅटचं पॅनल १८ व्होल्टला साडेपाच अँपिअर देतं. बॅटरी १३ वर असेल तर साडेपाच गुणिले १३, म्हणजे ७२ वॅटच हाती येतात. एमपीपीटी (मॅक्झिमम पॉवर पॉइंट ट्रॅकिंग) पॅनलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर राहू देतो आणि जास्तीच्या व्होल्टचं अँपिअरमध्ये रूपांतर करतो. त्याच पॅनलमधून सातच्या वर अँपिअर मिळतात.

लहान जोडणी, ३६ सेलचं पॅनल, दोन-चार दिवे : पीडब्ल्यूएम पुरे, उगाच खर्च करू नका. पण ६० सेलचं ३०० वॅटचं पॅनल १२ व्होल्टच्या बॅटरीला पीडब्ल्यूएममधून जोडलं, तर नऊ अँपिअर गुणिले १३, जेमतेम १२० वॅट. बाकीचं पॅनल नुसतंच ऊन खात बसतं. तिथं एमपीपीटीला पर्याय नाही.

एमपीपीटी घेताना एक हिशेब पहाटेचा करायचा. लेबलावरचं ओपन-सर्किट, म्हणजे काहीही न जोडतानाचं, व्होल्टेज २५ अंश सेल्सिअसचं असतं, आणि थंडीत ते चढतं, दर अंशाला साधारण ०.३ टक्के. समजा पॅनलचं हे व्होल्टेज ४७ आहे आणि दोन पॅनलं सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, जोडली आहेत. झाले ९४. कंट्रोलरची मर्यादा १००. कागदावर बसतं. पण शून्य अंशाच्या सकाळी, पहिलं ऊन पडताना, तेच १०१ होतात. करंट मर्यादेबाहेर गेला तर चांगला कंट्रोलर तो छाटतो. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं तर त्याच्यातले ट्रान्झिस्टर जळतात. इथं काठावरची निवड करूच नका.

(दृश्य : पॅनलवर जाड कापड टाकलं जातंय. हातातली अंगठी आणि घड्याळ काढून बाजूला)

आता जोडणी. पॅनल झाका. उजेड आहे तोवर त्याच्या वायरी जिवंत असतात, त्याला बंद करायचं बटण नाही. अंगठी, घड्याळ, साखळी काढा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, कारण प्लसवर फिरवताना पाना मायनसला टेकला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि धातू वितळतो. त्याच कारणानं फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून हातभर अंतरातच लावायचा. कंट्रोलरजवळ लावलेला फ्यूज कंट्रोलरला वाचवेल, पण मधल्या वायरीला नाही. पॅनलच्या बाजूचा स्विच डीसीसाठीचा असल्याची खात्री करा. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही.

पहिल्यांदा बॅटरी. कंट्रोलर जागा होतो, आणि समोर १२ व्होल्टची बॅटरी आहे की २४ ची, हे बहुतेक कंट्रोलर याच क्षणी ओळखतात. मग पॅनल. शेवटी लोड, म्हणजे दिवे-पंखे. काढताना बरोबर उलट : लोड, पॅनल, बॅटरी. हा क्रम रिवाज म्हणून नाही. बॅटरी नसताना पॅनल जोडलं तर व्होल्टेजला टेका द्यायला कुणीच नसतं. पॅनलचे वीस-बावीस व्होल्ट थेट लोडच्या टर्मिनलांवर येऊ शकतात आणि १२ व्होल्टचे दिवे एका क्षणात जातात.

प्रत्येक स्क्रू घट्ट केल्यावर वायर ओढून बघा. महिन्याभरानं पुन्हा आवळा. तांब्याच्या तारा दाबाखाली बसतात आणि पकड सैल होते. ढिला स्क्रू म्हणजे वाढीव रोध. म्हणजे पुन्हा तेच दोन आकडे, आणि आता शिवाय आगीची भीती.

(दृश्य : सेटिंगचा पडदा, बोट बॅटरीच्या प्रकारावर)

पुढची गोष्ट कंट्रोलरला कितीही चांगल्या वायरीतून कळणार नाही, ती त्याला सांगावीच लागते : बॅटरी कोणत्या प्रकारची आहे. पाणी भरायची बॅटरी १४.४ किंवा थोडं वर. जेल (ॲसिड घट्ट केलेली बंद बॅटरी) थोडं कमी, १४.१ च्या आसपास. लिथियम आयर्न फॉस्फेट १४.२ ते १४.६. शेवटचा शब्द मात्र बॅटरीच्या कंपनीनं दिलेल्या आकड्याचा. अधूनमधून व्होल्टेज १५ च्या आसपास नेणारं इक्वलायझेशन, म्हणजे सल्फेशन उतरवायला मुद्दाम दिलेलं जादा चार्जिंग, फक्त पाणी भरायच्या बॅटरीसाठी आहे. जेलला किंवा लिथियमला ते चालू राहिलं तर बॅटरी बाद होईल. आणि लिथियमची बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायचीच नाही.

तापमानाचंही तसंच. लेड-ॲसिड बॅटरी गरम असेल तर तिला कमी व्होल्टेज हवं, दर अंशाला १२ व्होल्टच्या बॅटरीमागे साधारण २४ मिलिव्होल्ट. ४० अंशांवर १४.४ चे १४ होतात. कंट्रोलर हे आपणहून जुळवतो, पण वेगळा सेन्सर नसेल तर तो स्वतःच्या पोटातलं तापमान मोजतो आणि बॅटरीचं तेच असेल असं धरून चालतो. उन्हानं तापलेल्या भिंतीवर कंट्रोलर आणि गार जमिनीवर बॅटरी असेल, तर बॅटरी रोज थोडी उपाशी राहील. सेन्सरची वायर सोबत आली असेल तर ती खोक्यात ठेवू नका, बॅटरीच्या अंगाला चिकटवा. लिथियमला मात्र ही जुळवाजुळव लागत नाही, तिच्यासाठी ती बंद ठेवा.

(दृश्य : लोडचे टर्मिनल, त्यावर दिव्याचं चित्र)

दिव्याचं चित्र असलेले टर्मिनल दिव्यांसाठी, छोट्या पंख्यासाठी. इन्व्हर्टर तिथं जोडायचा नाही. सुरू होताना तो जो करंट ओढतो, तो या टर्मिनलांना झेपत नाही. त्याला स्वतंत्र फ्यूज लावून थेट बॅटरीवर न्या.

या टर्मिनलांचा खरा फायदा म्हणजे बॅटरी उतरली की कंट्रोलर लोड तोडतो. पुष्कळ कंट्रोलरांवर ही मर्यादा कारखान्यातूनच ११ व्होल्टच्या आसपास ठेवलेली असते. लेड-ॲसिडला ते फार खाली आहे. बदलता येत असेल तर मी ती पावणेबारा व्होल्टच्या आसपास आणतो. दिवे लवकर बंद होतात हे खरं, पण बॅटरी जास्त वर्षं टिकते.

(दृश्य : पहाट. अजून ऊन नाही. बॅटरीवर मीटर)

रोजच्या वापरात कंट्रोलरला हात लावायची वेळ क्वचित येते. बघायचं ते एवढंच. पहाटे, ऊन यायच्या आधी आणि दिवे बंद असताना, बॅटरीवर मीटर लावा. १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. हा आकडा आठवड्याआठवड्याला खाली घसरत असेल, तर भरणं कमी आणि काढणं जास्त चाललंय. दुसरं, कंट्रोलर दिवसात कधीतरी फ्लोटला पोचतो का ते. रोज नाही पोचला तरी चालेल, पण आठवडा उलटला आणि एकदाही पोचला नाही तर पॅनल कमी पडतंय, सावली येतेय, किंवा वायर बारीक आहे. टर्मिनलांवर पांढरट-हिरवट थर आला तर खायचा सोडा मिसळलेल्या पाण्यानं पुसा. ते पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. आत फक्त डिस्टिल्ड वॉटर, आणि तेही बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर.

(दृश्य : पुन्हा दुपार. कंट्रोलर आता बॅटरीशेजारच्या भिंतीवर. जाड, आखूड वायरी)

हा तोच कंट्रोलर आहे. फक्त जागा बदलली, वायर बदलली, सेन्सर चिकटवला. पडद्यावर १४.४. बॅटरीवर मीटर लावू.

(दृश्य : मीटरवर १४.३६)

पहिल्याच आठवड्यात तीन वाजायच्या आत फ्लोटचा दिवा लागला, आणि तो पाहायला मी घरातल्या सगळ्यांना हाक मारली. ही बॅटरी नवी आहे. जुनीला इक्वलायझेशन देऊन पाहिलं, दोनदा. ती शेवटपर्यंत निम्म्याच्या वर आली नाही.