वेदीभोवती मांडलेला बाजार

[दृश्य : चढाचा रस्ता. लाकडी फळ्यांनी मढवलेली इमारत.]

सॅन फ्रान्सिस्को शहरातली पोट्रेरो हिल ही टेकडी. एका अंगाला खाडीकडे तोंड केलेली महागडी घरं, दुसऱ्या उतारावर 1940च्या दशकापासूनची सरकारी घरांची वसाहत. याच टेकडीवर, डी हॅरो स्ट्रीटला, 1995 साली सेंट ग्रेगरी ऑफ निसा हे एपिस्कोपल, म्हणजे अँग्लिकन परंपरेतल्या अमेरिकन पंथाचं चर्च उभं राहिलं.

[दृश्य : दार उघडतं. गोल दालन.]

एरवी चर्चमध्ये शिरलं की आधी बाकांच्या रांगा लागतात, आणि वेदी असते पार तिकडे, टोकाला. इथं दारातून पाऊल टाकलं की समोर वेदीच. दालनाच्या मधोमध, चारी बाजूंनी मोकळी. वर भिंतीवर चित्रकार मार्क ड्यूक्स यांनी रंगवलेले, माणसाहून मोठे, नाचणारे संत. त्यांत अ‍ॅन फ्रँक आहे, अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स आहेत, गायिका एला फिट्झजेराल्ड आहे, आणि आपले गांधीजीही.

वेदीवर दोन वचनं कोरली आहेत. एक लूकच्या शुभवर्तमानातलं, ग्रीक भाषेत : हा पापी लोकांना जवळ करतो, त्यांच्याबरोबर जेवतो. ही स्तुती नव्हे. परुशी आणि शास्त्री, म्हणजे त्या काळचे कर्मठ यहुदी धर्मपंडित, येशूच्या नावानं कुरकुरले, ते हे शब्द. तो टोमणाच इथल्या मंडळीनं वेदीवर मिरवला! दुसरं वचन सातव्या शतकातल्या निनवेच्या संत इसहाकांचं. त्यांचं सांगणं असं, की प्रभू जकातदारांबरोबर आणि वेश्यांबरोबर जेवला, तेव्हा तुम्हीही पात्र-अपात्र निवडत बसू नका.

कोरणं सोपं असतं. पंक्तिभेद न करता वाढायला बसलं की कस लागतो.

[दृश्य : उपासना. भाकरी आणि द्राक्षारस हातोहात दिला जातोय.]

1999च्या सुरुवातीला एक बाई सहज म्हणून या चर्चमध्ये शिरली. सारा माइल्स. नास्तिक घरात वाढलेली, न्यूयॉर्कच्या हॉटेलांत स्वयंपाकी म्हणून राबलेली, पुढे मध्य अमेरिकेतल्या युद्धांवर बातमीदारी केलेली. एपिस्कोपल चर्चच्या नियमानुसार प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली ही भाकरी आणि द्राक्षारस, बाप्तिस्मा झालेल्यांसाठी. इथं मात्र येईल त्याला भाकरी देतात. तिलाही मिळाली. या एका घासानं तिचं आयुष्य बदललं, असं ती स्वतःच सांगते. स्वयंपाकघरात वर्षं काढलेल्या माणसाला पुढचा प्रश्न सुचणारच : इथं कुणालाही भाकरी मिळते, तर मग बटाटे का नाहीत?

[दृश्य : मोठं गोदाम. फोर्कलिफ्ट. खोक्यांच्या थप्प्या.]

बटाटे जवळच होते. शहराच्या फूड बँकेचं गोदाम याच टेकडीवर, पेनसिल्वेनिया अ‍ॅव्हेन्यूवर. फूड बँक ही कल्पनाही एका चर्चच्या आधारानंच रुजलेली. 1967 साली अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्समध्ये जॉन व्हॅन हेंगेल या निवृत्त गृहस्थांनी सेंट मेरीज चर्चच्या मदतीनं एका पडीक इमारतीत टाकून दिलं जाणारं धान्य, फळं, डबे साठवायला सुरुवात केली. पहिल्याच वर्षी अडीच लाख पौंड, म्हणजे सुमारे 1 लाख 13 हजार किलो अन्न 36 संस्थांना वाटलं गेलं. 1976 साली करकायदा बदलला. उरलेला माल फेकण्यापेक्षा दान करणं कंपन्यांना परवडू लागलं. चेपलेला डबा, वाकडं गाजर, जादा पिकलेली संत्री यांना वाट मिळाली. सढळ हातामागे हिशेबही असतो, आणि त्यात गैर काही नाही.

[दृश्य : वेदीभोवती टेबलं. कोबी, बटाटे, पाव.]

2000 साली सारा माइल्सच्या पुढाकारानं चर्चमध्ये पँट्री, म्हणजे मोफत शिधावाटप, सुरू झाली. वार ठरला शुक्रवार. तळघर नाही, मागची खोली नाही. थेट वेदीभोवती टेबलं लागली. पाव, तांदूळ, कडधान्यं, भाजी. बाहेर रांग : चिनी आजीबाई, रशियन म्हातारे, स्पॅनिश बोलणाऱ्या लेकुरवाळ्या आया, रस्त्यावर राहणारी माणसं. गरिबीचा दाखला मागायचा नाही, हा नियम. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला यांच्या फेऱ्यांत चपला झिजवलेल्या आपल्या लोकांना याचं मोल वेगळं सांगायला नको. पुढे दर शुक्रवारी 400च्या वर कुटुंबं येऊ लागली.

आणि खोकी कोण उचलत होतं? मंडळीतली माणसं होतीच. पण पुष्कळजण असे, की जे पिशवी भरून न्यायला आले आणि कामाला थांबले. वाटपाआधी सगळे मिळून जेवायचे. स्वयंपाक बहुतेक वेळा सारा माइल्सचाच. मला या साऱ्या गोष्टीतलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. घेणारा कोण नि देणारा कोण, हे बाहेरून आलेल्या पाहुण्याला ओळखता येईना.

हे सगळं गोडीगुलाबीनं झालं, असं मात्र नाही. रविवारीही पँट्री उघडावी, असं सारानं सुचवलं तेव्हा मंडळीतल्याच काहींनी विरोध केला. शुक्रवार ठीक, पण उपासनेच्या दिवशीही रांग? वेदीवरचं वचन रोज वाचणारीच ही माणसं. त्यांना दोष देण्याची घाई नको. आपल्या घरच्या दिवाणखान्यात आठवड्यातून दोनदा चारशे बिऱ्हाडं आली तर आपण काय म्हणू?

[दृश्य : शहरातल्या वस्त्या. ट्रकमधून माल उतरतोय.]

पँट्रीमुळे घरभाडं उतरत नाही, पगार वाढत नाही. इतक्या श्रीमंत शहरात अशी रांग लागावी, हा राज्यकर्त्यांना विचारायचा सवाल, आणि तो विचारलाच पाहिजे. तोवर शुक्रवार काही थांबत नाही. पँट्री सुरू झाल्यावर थोड्याच वर्षांत शहराच्या गरीब वस्त्यांत जवळजवळ डझनभर नव्या पँट्री निघाल्या. त्या काढल्या सारा माइल्सनं, आणि तिच्याबरोबर वेदीपाशी शिधा घ्यायला आलेल्या माणसांनी.