मोरोक्कोची सोलर वीज: टॉवरचं काय झालं आणि पंपांचं काय चाललंय

(दृश्य: ड्रोन वरून फिरतोय, मधोमध टॉवर, मागे अ‍ॅटलासचे डोंगर)

हा जो टॉवर दिसतोय ना, तो साधारण २५० मीटर उंच आहे आणि त्याच्याभोवती गोल मांडलेले ७,४०० आरसे आहेत, एकेक आरसा जवळपास १,९०० स्क्वेअर फुटांचा, म्हणजे पुण्यात एवढा कार्पेट एरिया घ्यायचा म्हटलं तर आयुष्यभर ईएमआय भरत बसाल. सगळे आरसे ऊन पकडून टॉवरच्या टोकाला फेकतात. त्या टोकाला मीठ आहे, खरंच मीठ, नायट्रेटचं, वितळलेलं, ५६५ डिग्रीपर्यंत तापवलेलं.

जागा मोरोक्कोतलं वार्झाझात. परदेशी सिनेमावाल्यांना वाळवंट हवं असलं की ते इथे येतात, मोठमोठे स्टुडिओ आहेत. पण आपला विषय सिनेमा नाही, वीज आहे.

आता मोरोक्कोची अडचण अशी, की तेल नाही आणि गॅस नावाला. शेजारचा अल्जीरिया गॅसवर बसलाय पण दोघांचं पटत नाही, २०२१ मध्ये तर अल्जीरियाने मोरोक्कोतून स्पेनला जाणारी पाइपलाइनच बंद करून टाकली. २००९ च्या आसपास देशाला लागणारी ९० टक्क्यांहून जास्त एनर्जी बाहेरून यायची. मग त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने प्लॅन जाहीर केला, २०२० पर्यंत २,००० मेगावॅट सोलर, आणि त्यासाठी २०१० मध्ये मासेन नावाची स्वतंत्र एजन्सी काढली. पैसा कुठून आला तर वर्ल्ड बँक, जर्मनीची सरकारी विकास बँक केएफडब्ल्यू, आफ्रिकन डेव्हलपमेंट बँक, असे बरेच जण.

तुम्ही म्हणाल सरळ पॅनल लावायचे ना, आरसे कशाला? दोन कारणं होती आणि दोन्ही त्या वेळी पटण्यासारखी होती. एक तर २००९ ला पॅनल आजच्यासारखे स्वस्त नव्हते. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं, मोरोक्कोत विजेची सगळ्यात जास्त मागणी सूर्य मावळल्यावर असते, घरोघरी दिवे लागतात, टीव्ही लागतात, नेमका तेव्हाच पॅनल झोपलेला. गरम मीठ टाकीत साठवून ठेवलं की रात्री त्याच्यावर वाफ करायची, टर्बाइन फिरवायचं. या प्रकल्पाचं नाव नूर, आणि तो टप्प्याटप्प्याने बांधला. पहिला टप्पा, म्हणजे नूर १, फेब्रुवारी २०१६ मध्ये राजे मोहम्मद सहावे यांच्या हस्ते सुरू झाला, १६० मेगावॅट, साठवण ३ तासांची. पुढच्या दोघांत ती ७ तासांपर्यंत नेली. नूर ३ म्हणजे हा टॉवर. नूर ४ मात्र साध्या पॅनलचा, ७२ मेगावॅट, सगळं मिळून ५८० च्या आसपास.

(दृश्य: आरशांच्या रांगा, पुसणारी गाडी)

आणि इथेच गणित फिरलं. बांधकाम चालू असतानाच जगभर पॅनलचे भाव कोसळले, इतके की नूर १ ची वीज युनिटला १.६२ दिरहम (तिथलं चलन) आणि त्याच कंपाउंडमधल्या नूर ४ ची तिच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. मासेन ही वीज महाग घेऊन सरकारी वीज कंपनीला स्वस्तात देते, खड्डा सरकार भरतं. २०२० मध्ये देशाच्याच आर्थिक-सामाजिक परिषदेने सांगून टाकलं की हे आरशांचं टेक्निक आता पुरे. त्यात २०२४ मध्ये टॉवरच्या मिठाच्या टाकीला गळती लागली आणि टॉवर महिनोन्‌महिने बंद राहिला. मला विचाराल तर पैज वाईट नव्हती, पण एवढी मोठी एकदम लावायला नको होती.

पाण्याचाही प्रश्न आहेच, आरसे धुवायला पाणी लागतं, आणि नूर १ चं तर कूलिंगसुद्धा पाण्यावर, ते येतं मन्सूर एद्दहबी धरणातून, म्हणजे द्रा नदीच्या खोऱ्यातल्या खजुरांच्या बागा ज्याच्यावर आहेत तेच. पुढच्या दोघांना ड्राय कूलिंग, म्हणजे पाण्याऐवजी हवेने थंड करणं, लावलं ते यामुळेच. जमीन इथल्या आमाझिघ (बर्बर) लोकांच्या टोळीची सामाईक होती, भाव मिळाला चौरस मीटरला १ दिरहम. ओसाड जमीन म्हणून. मेंढरं चारणाऱ्याला ती ओसाड वाटत नव्हती हे वेगळं.

बरं, २०२० चं टार्गेट? नाही झालं. २,००० तर लांबच, अर्धंही नाही. आणि गंमत बघा, टॉवर सुरू झाला त्याच २०१८ मध्ये साफी या शहरात १,३०० मेगावॅटहून मोठा कोळशाचा प्लँट पण सुरू झाला, देशाची निम्म्याहून जास्त वीज आजही कोळशाची.

(दृश्य: झागोरा, खजुराच्या झाडांमागे छोटं शेत, जमिनीवर आठ-दहा पॅनल)

पण सोलर वाढलंय हे खोटं नाही, फक्त ते बघायला टॉवरपाशी थांबून उपयोग नाही, खाली द्रा खोऱ्यात या. मोरोक्कोत १२ किलोचा गॅस सिलिंडर सबसिडीवर ४० दिरहमला मिळायचा, स्वयंपाकासाठी, आणि शेतकरी तोच जुन्या गाडीच्या इंजिनाला जोडून विहिरीवर पंप चालवायचे. जुगाड तिकडेही कमी नाही. पॅनल स्वस्त झाल्यावर या लोकांनी हिशोब केला, एकदा खर्च करा आणि रोजचा सिलिंडर बंद. २०२४ च्या मे महिन्यात सिलिंडर ५० दिरहम झाला, मग तर विचारायलाच नको. आपल्याकडे मागेल त्याला सौर कृषी पंप चाललंय तसंच, फरक एवढाच की आपला शेतकरी रात्रीच्या लाइटला वैतागून सोलरकडे येतो आणि तिकडचा सिलिंडरला.

आता यात एक गोम आहे. सिलिंडर असताना पंप बंद करायला कारण होतं, गॅस जळतोय, पैसे जातायत. उन्हाला पैसे पडत नाहीत, त्यामुळे सकाळी चालू झालेला पंप संध्याकाळपर्यंत चालू. याच खोऱ्यातल्या झागोऱ्यात या पाण्यावर कलिंगडं झाली, ट्रक भरभरून बाहेर गेली, आणि २०१७ मध्ये त्याच झागोऱ्यात प्यायचं पाणी नाही म्हणून लोक रस्त्यावर उतरले. कलिंगडाचा दोष किती आणि दुष्काळाचा किती यावर तिकडे अजून वाद चालतो, पण विहिरी खोल खोल जातायत हे कोणी नाकारत नाही. शेवटी कलिंगडाच्या लागवडीवर प्रशासनाला मर्यादा घालावी लागली.