पेटीतली पेटी

[दृश्य: चिऱ्याची पाखाडी, सकाळ. बांबूला टांगलेला, घोंगडीत गुंडाळलेला ऑर्गन. चौघे उतरतायत.]

बावन्न पायऱ्या आहेत. आम्ही मोजल्या, कारण उतरताना प्रत्येक पायरीवर कोणीतरी ओरडत होतं.

वेंगुर्ले तालुक्यातली ही वाडी. घरापर्यंत रस्ता नाही, फक्त पाखाडी. बांबूवर लोंबतोय तो पायाने वाजवायचा ऑर्गन. अडुसष्ट किलो. वजन केलं खालच्या काजूवाल्याच्या काट्यावर, कारण वाडीत दुसरा मोठा काटा नाही. इथून तो जाणार न्हावा शेव्याला, तिथून बोटीने मेलबर्नला, नातीच्या घरी.

हे दृश्य बघून आम्हाला जपान आठवला. 1887 साली हामामात्सु गावात तोराकुसु यामाहा नावाच्या माणसाने शाळेतला बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला. मग स्वतःच एक बनवला आणि तो बरा की वाईट हे विचारायला टोकियोच्या संगीत संस्थेकडे निघाला. गाडीत टाकून नाही. जोडीदाराला घेऊन, खांद्यावरच्या काठीला टांगून, हाकोनेचा घाट चढून-उतरून, सुमारे 250 किलोमीटर. तिथे उत्तर मिळालं: सूर जुळलेले नाहीत. त्याने तिथेच राहून सूरशास्त्र शिकून घेतलं, परत गेला आणि दुसरा ऑर्गन केला. त्याच्या यामाहा कंपनीच्या बोधचिन्हात आजही तीन स्वरकाटे आहेत.

आपल्या चौघांना फक्त बावन्न पायऱ्या होत्या. पण सूर जुळलेले होते, आणि ते तसेच ठेवायचे होते.

[दृश्य: दोन दिवस आधी. माजघर. ऑर्गनवरचं विणलेलं आच्छादन आजी काढतात.]

आजींचं वय एक्याऐंशी. ऑर्गन त्यांच्या यजमानांचा. देवळाच्या उत्सवात गावची हौशी मंडळी संगीत नाटक करायची, तेव्हा हा बैलगाडीतून देवळापर्यंत जायचा आणि पहाटे परत यायचा.

मराठी संगीत नाटकाची सुरुवात 1880 ची, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून. तेव्हा साथीला सारंगी असायची. पुढे पेटी आली आणि मग ऑर्गन. 1913 ला स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या मागे ऑर्गनचा भरणा असायचा. नटाने श्वास घेतला तरी सूर तुटत नाही, हे त्याचं काम. हाताच्या पेटीत भाता एका हातात अडकतो. इथे भाता पायाखाली, दोन्ही हात मोकळे. आणि आतली गंमत उलटी आहे. हाताच्या पेटीत वारा सुरांवर, म्हणजे आतल्या पितळी जिभांवर, ढकलला जातो, या धाटणीच्या ऑर्गनमध्ये तो सुरांमधून आत ओढला जातो. म्हणून आवाज गोल, मऊ. जेवढा मऊ, तेवढाच धुळीला हळवा, कारण बाहेरची हवा पहिल्यांदा सुरावरूनच आत जाते.

एवढं लांबण लावायचं कारण पुढच्या दृश्यात आहे.

[दृश्य: मेस्त्री मागची फळी काढतात. आत विजेरीचा झोत.]

हे मेस्त्री. तिसरी पिढी. दशावताराच्या पायपेट्या, भजनाच्या पेट्या, जे येईल ते दुरुस्त करतात. फळी निघाली आणि बाहेर काय काय आलं बघा: भाताचा तूस, उंदराने कुरतडलेली जुन्या कापडाची गादी, दोन झुरळं, एक चार आण्याचं नाणं. आणि आतल्या फळीवर पेन्सिलीने लिहिलेलं: मुंबई, 1956.

ही पेन्सिलीची ओळ फार कामाची निघाली. आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि 1972 च्या कायद्याप्रमाणे खासगी माणसाला पुरावशेष देशाबाहेर नेता येत नाही. हा ऑर्गन तेवढा जुना नाही, हे कागदावर आणावं लागलं. पांढऱ्या पट्ट्या हस्तिदंती असत्या तर तिथेच सगळं थांबलं असतं. मेस्त्रींनी भिंग लावून पाहिलं. हस्तिदंताला बारीक रेषा असतात, आणि पट्टीचा रुंद भाग आणि अरुंद भाग यांच्यामध्ये बहुतेकदा सांधा दिसतो. इथे रेषा नाहीत, सांधा नाही. सेल्युलॉइड. गरम सुई टोचून बघणारेही असतात. सेल्युलॉइड चटकन पेट घेतं, तेव्हा घरात हा प्रयोग नको.

साफसफाईला दीड दिवस गेला. रंगाऱ्याचा मऊ ब्रश आणि धूळ ओढायचं मशीन. फुंकर नाही, ओल्या फडक्याने पुसणं नाही. ऑस्ट्रेलियाच्या बंदरावर माती, बी, किडा, कोळिष्टक काहीही सापडलं की माल अडतो. लाकडाला भुंग्याची भोकं आहेत का तेही बघतात. मेस्त्रींनी तळाची एक पट्टी बदलली. भोकं जुनी होती, भुसा पडत नव्हता, तरी बदलली.

[दृश्य: भाता. जवळून.]

आता हे नीट बघा, कारण सगळं पॅकिंग इथे आहे.

आधी एका नामांकित म्हणवणाऱ्या वाहतूकवाल्याला विचारलं होतं. तो म्हणाला, आडवा करून, बबल गुंडाळून, थर्माकोल भरून देतो, तासाभराचं काम. मेस्त्रींनी हे ऐकलं आणि पान थुंकून आले.

“आडवो केलास तर भातो फाटतलो.”

ऑर्गनमध्ये दोन प्रकारचे भाते असतात. पायाने ओढले जातात ते दोन छोटे. त्यांची स्प्रिंग त्यांना मिटवून ठेवते. मागे मोठा, साठवणीचा. त्याची स्प्रिंग त्याला उघडा ठेवते. म्हणजे ऑर्गन गप्प असतो तेव्हा छोटे मिटलेले आणि मोठा उघडा. मेस्त्रींचा नियम सोपा आहे: जो ज्या स्थितीत झोपतो, त्याच स्थितीत बांधायचा. छोटे मिटलेल्या अवस्थेत, मोठ्याच्या पोटात हलका फोम, म्हणजे तो हादऱ्याने फडफडणार नाही. बांधायला सुती नाडी. प्लॅस्टिकची पट्टी रबरी कापडाला कापते, आणि कंटेनरमधल्या उन्हाने कापडाच्या घड्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये साधा तपकिरी कागद.

त्यांचा पोरगा हाताखाली होता. तो पट्ट्यांकडे वळला तेव्हा मेस्त्री नुसते म्हणाले, “पयलो भातो बांद. मगे बाकीचा.”

बाकीचं म्हणजे हे. पायडलला जोडलेले पट्टे सोडले, पायडल ठोकळ्यावर टेकवले. खटके, म्हणजे आवाज बदलायच्या खुंट्या, एकेक फिरवून काढले आणि प्रत्येकाला चिठ्ठी. पट्ट्यांवर बनातीची लांब चिंधी, तिच्यावर लाकडी पट्टी, पण स्पर्शापुरती. पट्टी दाबून बसली तर महिनाभर सगळे सूर उघडे राहतील, स्प्रिंगा दमतील आणि धूळ आत जाईल. ही लाकडी पट्टी त्यांनी तीन वेळा काढून पुन्हा लावली. आम्ही तिन्ही वेळा चित्रित केलं, एकच ठेवलंय.

आणि पितळी सूर? ते आहेत तिथेच. सुराची जीभ टोकाला घासली तर सूर चढतो, मुळाशी घासली तर उतरतो. म्हणजे नख लागलं तरी फरक पडू शकतो. खोबणीत घट्ट बसलेला सूर बाहेर काढायचा तो दुरुस्तीला, प्रवासाला नाही. वरून मलमलीचं कापड ताणून टाचलं, संपलं.

[दृश्य: आजी प्रत्येक पट्टी वाजवतात. नात मोबाइलच्या पडद्यावर.]

हे खरं तर सगळ्यात आधी केलं होतं. डावीकडून उजवीकडे प्रत्येक पट्टी, प्रत्येक खटका, कॅमेरा चालू. निघताना काय वाजत होतं याचा पुरावा हवा. विमेवाला तोच मागतो.

[काही क्षण निवेदन नाही. फक्त आवाज.]

[दृश्य: मेस्त्रींची शेड. खोक्याचा तळ तयार होतोय.]

पाखाडीखाली रस्त्याला लागून मेस्त्रींची शेड. खोका इथेच केला, कारण खोक्यासकट ऑर्गन बावन्न पायऱ्या उतरणं शक्य नव्हतं.

आमच्याकडे पेटी म्हटलं की दोन गोष्टी: एक वाजवायची, दुसरी आंब्याची. आंब्याची पेटी कशी भरावी हे इथल्या पोरासोरांना ठाऊक. तळाला गवत, कडेला गवत. साहजिकच वाडीतल्या दोघातिघांनी गवताचा भारा आणून ठेवला. तो परत गेला. गवतात बी असतं, किडा असतो. ऑस्ट्रेलियात पॅकिंगला गवत-पेंढा चालत नाही. शेडमध्ये पडलेल्या आंब्याच्या फळ्याही चालल्या नाहीत. परदेशी जाणाऱ्या खोक्याचं साधं लाकूड आधी तापवावं लागतं: गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस, सलग 30 मिनिटं. मग त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का बसतो. कोल्हापूरहून शिक्क्याचे वासे मागवले. बाजूंना प्लायवूड, ते बनतानाच उष्णता आणि दाबातून जातं, त्याला शिक्का लागत नाही.

बघा, तळाखाली दोन आडवे वासे. जमिनीपासून दहा सेंटिमीटर मोकळं, म्हणजे फोर्कलिफ्टचे दात आत जातील. ती फट नसली की हमाल काय करतात ते सांगायला नको; खोका ढकलतात, कलता करतात, आपटतात. ऑर्गनची चाकं काढली. वजन चाकांवर नाही, चौकटीखालच्या ठोकळ्यांवर. तळ ऑर्गनपेक्षा रुंद, म्हणजे कलंडायला सोपा नाही.

[दृश्य: मेस्त्री फोमच्या तुकड्यावर उभे राहतात.]

हे विनोदासाठी नाही. मऊ फोम हाताला बरा लागतो, पण अडुसष्ट किलोखाली चपटा होतो आणि मग तो असून नसल्यासारखा. मेस्त्री स्वतः बासष्ट किलो. त्यांच्या पायाखाली जो अर्ध्यापेक्षा जास्त दबला तो बाद. थर्माकोल शेडमध्ये येऊच दिला नाही. त्याचा एक दाणा सुराच्या जिभेखाली गेला की तो सूर मुका.

गुंडाळण्याचा क्रम: अंगाला लागून आजींची धुतलेली सुती लुगडी. वर ब्लँकेट. त्याच्यावर प्लॅस्टिकची फिल्म. बबल थेट लाखेच्या पॉलिशवर घातला तर उन्हात पॉलिश नरम होतं आणि बुडबुड्यांचे वण उठतात. फिल्मच्या आत ओल शोषणाऱ्या पुड्या, कारण बोटीवर रात्री कंटेनरचा पत्रा गार पडतो आणि आतून घामेजतो. आणि हे सगळं जानेवारीत, कोरड्या हवेच्या दुपारी. पावसाळ्यात फिल्म गुंडाळली असती तर पावसाळाच आत बांधला असता.

मेस्त्रींनी एकही खिळा वापरला नाही. हातोडीचा घाव लाकडातून सुरापर्यंत जातो, म्हणून स्क्रू. मोजून छत्तीस. कस्टमवाले उघडणार हे धरूनच चालायचं. उघडता येतं तसं बंदही करता यावं. झाकणावर खडूने नव्हे, रंगाने लिहिलं: वर बाण, आणि इंग्रजीत ‘छत्तीस स्क्रू’.

[दृश्य: खोक्याला टेप लावून मापं.]

130 बाय 70 बाय 115 सेंटिमीटर. सगळं मिळून 121 किलो. विमानाने धाडला असता तर आकारमानावरून 174 किलो धरले असते, आणि पैसे तेवढ्याचे. म्हणून बोट. महिना-सव्वा महिना.

लोक समुद्राला घाबरतात. मेस्त्री घाबरत होते मुंबई-गोवा महामार्गाला. वेंगुर्ल्यापासून पाचशे किलोमीटरच्या आसपास, आणि त्यातले खड्डे सगळ्यांच्या ओळखीचे. खोका ट्रकच्या पुढच्या भिंतीला, दोन चाकांच्या मधल्या पट्ट्यात बांधून घेतला. मागच्या टोकाला उसळी सगळ्यात जास्त बसते.

[दृश्य: ट्रक वळणावर दिसेनासा होतो. आजी दारात नाहीत, पाखाडीच्या शेवटच्या पायरीवर आहेत.]

[दृश्य: मोबाइलवर आलेला व्हिडिओ. मेलबर्न.]

पोचला. तपासणीत अडला नाही. दोन सूर सुरुवातीला बोलले नाहीत, नंतर एक बोलला. मेस्त्रींकडे शिकायला सध्या तो एक पोरगा आहे, आणि तोही मे महिन्यात गोव्यात हॉटेलात जातो.

त्याआधी, खोका उघडतानाचं हे. इकडे शेडमध्ये मेस्त्रींच्या हातात फोन. तिकडे नात जमिनीवर बसलेली, हातात स्क्रूड्रायव्हर, बाजूला वाटी.

“इस्क्रू किती निघाले?”

“चौतीस, आजोबा.”

“दोन रवले. फळी ओढू नको.”